कोणाच्या हातात द्यायची?

बोरी बुद्रुकच्या सावळारामला संशय घ्यायला कारण लागत नसे; माणूस समोर दिसला की पुरे. बिबट्याच्या भीतीनं आजूबाजूच्या वस्त्यांवर सगळ्यांनी कॅमेरे लावले, तसा त्यानंही लावला. फरक एवढाच, की इतरांच्या कॅमेऱ्यांची तोंडं उसाकडं होती आणि ह्याच्या कॅमेऱ्याचं दुधाच्या किटलीकडं. बिबट्या काय, दार लावलं की बाहेर राहतो, माणसाला दार लावून भागत नाही, असं तो म्हणायचा. मोबाईलवर गोठ्याचं चित्र बघत बघत जेवणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात तो एकटाच असेल.

एकदा तो ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि असा पडला की अनामतही गेली. पुढं कितीतरी दिवस तो कुशाबाईला, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या बायकोला, आडून आडून विचारत राहिला की बाई, बटण नक्की कुठलं दाबलंस. कुशाबाईनं पहिल्यांदा हसून सोडून दिलं, दुसऱ्यांदा देवाची शपथ घेतली आणि त्यानंतर विचारलं तेव्हा तिनं पुढ्यातलं ताट उचलून नेलं. तेवढ्यापुरता विषय मिटला. अनामत हा शब्द मात्र तेव्हापासून सावळारामच्या कानाला कडू लागायचा.

हे सगळं गावाच्या करमणुकीचं होतं. एक गोष्ट मात्र करमणुकीची नव्हती. त्याच्या संशयानं घरातला एक माणूस घराबाहेर गेला होता, आणि तो होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, सोपान.

झालं होतं ते असं. त्यांची आई ठमाबाई गेली, तेव्हा तिच्या ट्रंकेतली सोन्याची बोरमाळ सापडली नाही. म्हातारीची एवढी एकच चीज. सणावाराला, लग्नकार्याला गळ्यात घालायची, नाहीतर मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची. सावळारामनं ट्रंक तीनदा उपसली, कणगीत हात घालून पाहिलं, देव्हाऱ्यामागची माती उकरली. मग तेराव्याच्या दिवशी, सगळी भावकी पंगतीला बसलेली असताना, त्यानं सोपानला सांगितलं की तुझी पिशवी उघडून दाखव. सोपाननं पिशवी आणली, सगळ्यांच्या मधोमध उलटी केली आणि झटकली. एक धोतर पडलं, एक टॉवेल पडला, आईच्या औषधांची रिकामी पाकिटं पडली. ती पाकिटं तेवढी त्यानं गोळा केली आणि न जेवता निघून गेला. आंबेगाव तालुक्यात पेठला त्याच्या सासुरवाडीची थोडी जमीन होती, ती कसत तो तिकडंच राहिला. त्याला आता आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती.

पिशवीत माळ निघाली नाही, तर दुसऱ्याचा संशय फिटला असता. सावळारामचा वाढला. जो माणूस एवढ्या तयारीनं पिशवी झटकतो, त्यानं माल आधीच कुठंतरी पोचवलेला असणार, असा त्याचा हिशोब.

आता थोरल्या मुलाचं, आदेशचं, लग्न ठरलं होतं. मे महिन्यातली तारीख निघाली होती. कुशाबाईच्या मनात दोनच गोष्टी होत्या: नव्या सुनेच्या गळ्यात सासूबाईंची बोरमाळ पडावी, आणि मांडवात चुलता म्हणून सोपानभावजी उभे असावेत. पहिली गोष्ट राहिली तर राहिली, दुसरी तरी करा, म्हणून तिनं नवऱ्याच्या मागं धोशा लावला. सावळारामचं उत्तर ठरलेलं होतं.

“आधी बोरमाळ, मग पत्रिका.”

“आन् त्यांनी घेतलीच नसंल तर?”

“मग गेली कुठं? पाय फुटलं का तिला?”

कुशाबाईनं पेठची पत्रिका नाव न लिहिता बाजूला ठेवून दिली आणि ती दिसेल अशी ठेवली.

अशात एक दिवस भागू आला. भागूचा टेम्पो आहे. बोरीचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायचा, आणि परत येताना तिकडच्या बातम्या आणायच्या, हा त्याचा धंदा. टोमॅटोचं भाडं घेतो, बातम्या फुकट देतो. बोलता बोलता तो म्हणाला, की आखिती जवळ आली, आता तुमचा सोपान दिसंल दलीचंदशेठच्या दुकानात. सावळारामनं हातातला क्रेट खाली ठेवला आणि विचारलं, सोपानचा तिथं काय संबंध?

भागूलाही ते ठाऊक नव्हतं. पण गेली काही वर्षं आखितीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी भाडं घेऊन गेलं की त्या भांड्याच्या दुकानात, दारालगतच्या बाकावर, सोपान बसलेला दिसायचा. काही विकत घेत नाही, काही बोलत नाही. सकाळी येतो, दिवस कलला की उठून जातो.

“आन् ह्ये तू मला आज सांगतोय व्हय?”

“तुमी त्याचं नाव काढू देता का कुणाला?” भागू म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दलीचंदशेठचं दुकान सावळारामला नवीन नव्हतं. राजस्थानातून कुणी एके काळी आलेलं हे जैन घराणं, आता बोलण्या-चालण्यात इथलंच झालेलं. तांब्या-पितळेची भांडी विकायची आणि त्याशिवाय एक काम करायचं, ज्याचा एक पैसा घ्यायचा नाही: लोकांच्या अनामती सांभाळायच्या. पूर्वी गावातली घरं बंद करून माणसं रानातल्या खोपीवर राहायला जायची, तेव्हा बायका आपले दागिने ह्या दुकानात ठेवून जात. पद्धत ठरलेली होती. ठेवणाऱ्यानं वस्तू आपल्या फडक्यात बांधून आणायची आणि गाठ स्वतःच्या हातानं मारायची. शेठनं फक्त दोन गोष्टी विचारायच्या: कोणाची, आणि कोणाच्या हातात द्यायची. आत काय आहे, हे विचारायचं नाही. ज्याचं नाव सांगितलं असेल त्याच्या हातात गाठोडं द्यायचं, तोपर्यंत ते इथं आहे हेसुद्धा कुणाजवळ बोलायचं नाही. बँकेत लॉकर झाले तसे लोक यायचे कमी झाले, तरी जुन्या बायका तिथंच जायच्या. लॉकरवाला सही मागतो, शेठ माणूस ओळखतो, असं ठमाबाईच म्हणायची.

सावळारामला ही पद्धत कधीच पटली नव्हती. बंद गाठोडं वर्षानुवर्षं घरात ठेवून कुणी उघडून बघत नाही, ह्यावर त्याचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तो स्वतः असता तर त्यानं पहिल्याच दिवशी उघडलं असतं, हे त्याला चांगलं माहीत होतं.

आणि शेठशी त्याचं एक जुनं वाकडं होतं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखितीला दलीचंदशेठनं माणूस पाठवून निरोप दिला होता की तुम्ही दोघे भाऊ मिळून दुकानात या. कशाला ते सांगितलं नव्हतं. सावळारामनं ओळखलं, निदान त्याला तसं वाटलं, की सोपाननं शेठला मधे घातलाय, काहीतरी अर्धंमुर्धं देऊन तोंड बंद करायचा बेत आहे. त्यानं निरोप्याला पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, की चोरासंगं मी कुठं येत नसतो, आणि चोराची वकिली करणाऱ्याच्या दुकानाची पायरीबी चढत नसतो. हे वाक्य गावभर झालं. लोकांनी त्याला आपल्या परीनं तिखटमीठ लावलं. बोरीच्या लग्नांतली रुखवताची भांडी दुसऱ्या दुकानातून यायला लागली. शेठ पुढं दोन वर्षांनी वारले. त्यांच्या पत्नी उगमबाई गादीवर बसायला लागल्या आणि निरोप दरवर्षी येत राहिला, तोच, त्याच शब्दांत. सावळाराम दरवर्षी तो झुरळासारखा झटकायचा.

आता मात्र त्याच्या डोक्यात सगळे सांधे जुळले. वकिली कसली, माल तिथंच आहे. सोपाननं माळ उचलली, दलीचंदकडं अनामत म्हणून ठेवली आणि दरसाल आखितीला जाऊन बघून येतो जागेवर आहे का. पिशवीत निघणार कशी? त्याला स्वतःच्या हुशारीचा इतका आनंद झाला, की त्या दिवशी गोठ्याचं चित्र बघायचं राहून गेलं.

कुशाबाईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली की चोरलेली वस्तू बघायला कुणी दिवसाढवळ्या बाजारपेठेत बाकावर बसतं का? सावळाराम म्हणाला, त्यातच तर गोम आहे.

आखितीला काही दिवस बाकी असताना तो एकटाच दुकानात जाऊन आला. लग्नासाठी तांब्याची कळशी बघायची, हे निमित्त. आत गादीवर उगमबाई होत्या. वय झालेलं, गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. त्यांची सून खुशबू भांड्यांवरची धूळ पुसत होती. बोरीचं गिऱ्हाईक म्हटल्यावर ती आधी पुढं आली आणि कोण ते कळल्यावर फडकं घेऊन पाठ फिरवून उभी राहिली. उगमबाईंनी त्याला ओळखलं.

“ठमाबाईंचे थोरले ना? एकटेच आलात?”

सावळारामच्या कानात घंटा वाजली. एकटेच आलात, हे कशाला विचारायचं? बरोबर साक्षीदार आहे का, हे बघायला. त्यानं कळशी उलटीसुलटी करत सहज विचारल्यासारखं विचारलं, की काकू, आता तुमच्याकडं कुणी अनामत ठेवतं का?

“असली तरी सांगायची नसते, भाऊ. नसली तरी सांगायची नसते.”

“म्हंजी हाय.”

उगमबाईंनी फक्त सांगितलं, की आखितीला धाकट्यांबरोबर या, निरोप पाठवणारच होते. सावळारामनं कळशी खाली ठेवली, तिला पोचा आहे असं सांगितलं आणि बाहेर पडला. कळशीला पोचा नव्हता. पायऱ्या उतरताना त्याला खुशबूचा दबका आवाज ऐकू आला. आई, अजून किती दिवस ह्या माणसापुढं गप्प बसायचं, असं काहीतरी ती म्हणत होती. गप्प बसायचं! म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी आहे. त्याची खात्री झाली.

आखितीला सकाळी त्यानं पितरांच्या नावानं पाण्याचा करा पुजला. आईच्या नावानं पाणी सोडताना तो मनात म्हणाला, की आये, आज तुझी माळ आणतो. हे तो खोटं म्हणत नव्हता. आईवर त्याचा जीव होता, आणि तिची चीज कुणीतरी लांबवली ह्याचा त्याला मनापासून राग होता. संशयी माणूस लबाड असतोच असं नाही. सावळाराम तर मुळीच नव्हता. चुलीवर पुरण शिजत होतं, पण तो जेवायला थांबला नाही. साक्षीदार म्हणून त्यानं भागूला घेतलं आणि टेम्पोतून दोघं नारायणगावला आले.

बाकावर सोपान होता. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली, मांडीवर पिशवी. हातात उसाच्या रसाचा पेला. आखितीला जैनांचे वर्षभराचे उपास उसाच्या रसानं सुटतात, तो रस खुशबूनं त्यालाही दिला असणार. सावळारामनं ते पाहिलं आणि पाहुणचार कसा चाललाय, हे भागूला डोळ्यांनीच दाखवलं. भाऊ इतका म्हातारा दिसेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. 

“सापडलास,” तो म्हणाला.

सोपाननं वर पाहिलं. तो दचकला नाही, की उठून पळाला नाही. त्याचा चेहरा असा काही उजळला, की सावळारामला आणखीच संशय आला.

“आलास, दादा?” सोपान म्हणाला.

उगमबाईंनी गादीवरून दोघांकडं पाहिलं, आळीपाळीनं, खात्री केल्यासारखं. मग गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि सुनेचा हात धरून आतल्या खोलीत गेल्या. सावळारामनं लगेच भागूला मागच्या दारावर पाठवलं, म्हणजे माल तिकडून निसटायला नको. भागू गेला आणि लगेच परत आला. दुकानाला मागचं दार नव्हतंच.

उगमबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मूठभर आकाराचं एक गाठोडं होतं. हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं, रंग उडालेलं. त्यांनी ते गादीसमोरच्या पाटावर ठेवलं. ते लुगडं सावळारामच्या ओळखीचं होतं. आणि गाठ त्याहून ओळखीची होती. ठमाबाई गाठ मारली की टोकं परत आत खोवायची, उचकायची सोय ठेवायची नाही. शाळेत जाताना भाकरीचं फडकं ती असंच बांधून द्यायची आणि सोडवता सोडवता दोघा भावांची मधली सुट्टी संपायची.

“ही ठमाबाईंची अनामत,” उगमबाई म्हणाल्या. “शेठनी घेतली तेव्हा मी इथंच होते. कोणाच्या हातात द्यायची, असं विचारलं, तर म्हणाल्या, एकट्या थोरल्याला दिली तर धाकट्याला ती दिसणार न्हाई. एकट्या धाकट्याला दिली, तर थोरला त्याला चोर म्हणेल. माझ्यामागं दोघं एकदम येतील तेव्हा दोघांच्या हातात द्या. आज दोघं आलात. हात पुढं करा.”

सोपाननं हात पुढं केले. सावळारामचे हात वर येईनात. मग आले.

गाठ सुटायला वेळ लागला. आत बोरमाळ होती. सगळे मणी होते, आणि फासाजवळचा तो एक चेपलेला मणीही होता, जो सावळारामनंच लहानपणी दातानं चावून चेपला होता.

दुसरा असता तर तिथं रडला असता. सावळारामच्या तोंडातून आधी निघाला तो रागच. एका शब्दानं सांगायचं होतंत काकू, असं तो म्हणाला. आमच्या घराचं वाटोळं झालं, भाऊ तुटला, तुमी गाठोडं धरून बसलात.

“सांगितलं होतं. दोघं या, एवढंच सांगायची मुभा होती. ते दर वर्षी सांगितलं.”

आता खुशबूला राहवलं नाही. ती म्हणाली, की सासरे आजारी होते तेव्हा बोरीतून रोज कानावर यायचं, शेठ चोरांचा साथीदार आहे. तुमच्या गावाचं एक गिऱ्हाईक राहिलं नाही. एवढं एक वाक्य बोलले असते, की तुमच्या आईनंच काहीतरी ठेवलंय, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते बोलले नाहीत, तसेच गेले.

“खुशबू,” उगमबाई म्हणाल्या, आणि सून थांबली. मग त्या सावळारामकडं वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. “मलाही वाटायचं बोलावं. शेठ म्हणायचे, आपलं नाव वाचवायला तोंड उघडलं, तर ती अनामत राहिली नाही. आपण मग नुसतं सोनं ठेवून बसलेले लोक.”

सावळारामला कुठं बघावं ते कळेना. आपण कोणाकोणाला काय काय बोललो, ते त्याला आठवायला लागलं, आणि ते पुष्कळ होतं. आईनं माळ का हलवली, तेही त्याला तिथं उभ्या उभ्या उमगलं. ती असतानाच तो एकदा म्हणाला होता, की आये, माळ दे, सोनाराकडून जोखून आणतो, किती भरते ते कळू दे, मागं वाद नको. म्हातारीनं तेव्हा माळ काढून दिली नव्हती. ती पुढच्या आठवडी बाजारालाच इथं आली असणार. आई आपल्याला घाबरत होती, हे त्याला आज कळलं, आणि ते त्याला फार लागलं.

त्यानं सोपानला विचारलं, की तुला ठावं व्हतं का आत काय हाय ते?

“मला कुठून ठावं? यांनी सांगितलं, दोघं या. म्हणून मी येत ग्येलो.”

“दर साली?”

“तू कधी येशील त्ये मला कुणी सांगितलं नव्हतं ना, दादा.”

एवढं बोलून सोपाननं माळ आपल्या तळहातावरून उचलली आणि भावाच्या हातावर ठेवली. मग कोपऱ्यातल्या काट्याकडं बोट केलं. तांब्यापितळेच्या दुकानात काटा असायचाच.

“जोखून घे. हितंच, समद्यांच्या म्होरं. म्हंजी फुडं माझ्यावर येयाला नको.”

सोपान हे कुचकेपणानं म्हणत नव्हता. अगदी सरळ, काळजीनं म्हणत होता, आणि म्हणूनच ते सहन होण्यासारखं नव्हतं. सावळाराम नाही म्हणणार होता. पण नाही म्हणायच्या आधी त्याची नजर काट्याकडं गेली. नुसती गेली, सवयीनं, आणि परत आली. ती सोपाननं पाहिली, उगमबाईंनी पाहिली, भागूनंसुद्धा पाहिली. सावळारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“न्हाई जोखायची,” तो म्हणाला, पण उशीर झाला होता.

सावळारामनं माळ त्या हिरव्या तुकड्यात गुंडाळली आणि सोपानपुढं धरली. आदेशच्या लग्नाला ही तू घेऊन ये, तोवर तुझ्याजवळ राहू दे, असं म्हणाला. सोपाननं दोन्ही हात मागं घेतले.

“माझ्यापाशी नको, दादा. तुला झोप लागायची न्हाई. आन् तुला लागत न्हाई म्हणून मलाबी लागायची न्हाई.”

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. आता तो जाणार, हे सावळारामला दिसलं. पेठकडची एसटी मिळेल, बसेल, आणि पुढच्या आखितीला बाकावर कुणी नसेल. लग्न तोंडावर आलंय, घरी एक कोरी पत्रिका पडून आहे, आणि आता ती लिहिली तरी हा माणूस कशाच्या भरवशावर येईल? आजवर त्याला भाऊ जाण्याचं दुःख झालं नव्हतं, कारण भाऊ चोर होता. आता तो चोर नव्हता, आणि आठ-नऊ वर्षांचं सगळं दुःख त्याच्या अंगावर एकदम आलं.

तो मटकन पाटासमोर खाली बसला. फडकं पसरलं, माळ नीट मधे ठेवली, गाठ मारली आणि आईसारखी टोकं आत खोवायचा प्रयत्न केला. टोकं बसेनात. शेवटी जशी बसली तशी बसवून त्यानं गाठोडं उगमबाईंपुढं सरकवलं.

“काकू, अनामत ठेवून घ्या.”

उगमबाई गादीवर नीट बसल्या आणि वर्षानुवर्षं विचारत आल्या होत्या तसं त्यांनी विचारलं.

“कोणाची?”

“ठमाबाईचीच.”

“कोणाच्या हातात द्यायची?”

“सोपानच्या.”

“आणि तुमच्या?”

“न्हाई. एकट्या सोपानच्या. त्यो कधीबी येऊ द्या, उद्या येऊ द्या, लग्नाच्या आदुगर न्हाईतर मागनं. मी एकटा आलो, भांडलो, पाया पडलो, तरी मला देयाची न्हाई.”

सोपान दारात थांबला होता. त्यानं मागं वळून भावाकडं पाहिलं, पण होकार दिला नाही की नकार दिला नाही. लग्न कधी आहे, एवढं विचारलं. सावळारामनं तारीख सांगितली. सोपाननं मान हलवली आणि बाजारपेठेतून स्टँडकडं चालायला लागला.

परतीच्या वाटेवर भागूनं आळेफाट्यापर्यंत कसंबसं तोंड बंद ठेवलं. मग त्याच्यानं राहवेना.

“राव, एक इचारू का? त्यो आला, माळ घेतली आन् लग्नाला आलाच न्हाई तर?”

हाच प्रश्न सावळारामच्या मनात नारायणगावची वेस ओलांडायच्या आत येऊन बसला होता, आणि तेव्हापासून तो त्याला दाबून धरत होता. माणसाचा स्वभाव एका दुपारीत थोडाच जातो. त्यानं काचेतून बाहेर पाहिलं, टोमॅटोची शेतं मागं जात होती.

“मग न्हाई आला,” तो म्हणाला. “त्याचीबी आईच व्हती.”